घटक ३ : भाषा, संस्कृती आणि लोकशिक्षण – गाडगे महाराजांच्या कीर्तनाच्या आधारे

३.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला –
• संज्ञापनात भाषा, संस्कृती आणि सामाजिक मूल्ये यांचा वाटा स्पष्ट करता येईल;
• लोकशिक्षणाविषयी महात्मा फुले यांनी मांडलेल्या भूमिकेचे महत्त्व सांगता येईल;
• गाडगे महाराजांच्या कीर्तनाचे लोकशिक्षणाचे माध्यम म्हणून विश्लेषण करता येईल;
• आपल्या परिसरातील एखाद्या लोकशिक्षणपर उपक्रमाचे चिकित्सक परीक्षण करता येईल.

३.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, ग्रामपंचायतीच्या किंवा तहसील कचेरीच्या भिंतीवरील सूचना तुम्ही अनेकदा वाचली असेल. ‘सदर योजनेच्या पात्र लाभार्थ्यांनी विहित नमुन्यातील अर्ज विहित मुदतीत सादर करावेत’ अशा धाटणीचे ते वाक्य असते. वाक्य मराठी आहे, व्याकरणदृष्ट्या निर्दोषही आहे. तरीही ज्यांच्यासाठी ते लिहिले आहे, त्यांच्यापैकी अनेकजण ते वाचून शेजारच्या माणसाला विचारतात, “हे काय म्हणायचंय?”

एका व्यक्तीच्या वा समूहाच्या मनातील आशय दुसऱ्यापर्यंत पोचवणे आणि त्याचा प्रतिसाद मिळवणे, या प्रक्रियेला संज्ञापन म्हणतात. वरील उदाहरणात शब्द पोचले, आशय पोचला नाही. भाषा एकच असूनही हे का घडते? आणि शाळेची पायरी न चढलेल्या हजारो श्रोत्यांपर्यंत एखादा अवघड विचार सहज कसा पोचतो? प्रस्तुत घटकात आपण या दोन प्रश्नांचा विचार महाराष्ट्रातील एका ठळक उदाहरणाच्या आधारे करणार आहोत.

३.३ विषय-विवेचन

३.३.१ शिकवणारा कोण? – महात्मा फुले यांची भूमिका

१८८२ साली सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुले यांनी लेखी निवेदन सादर केले. प्राथमिक शिक्षण निदान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे असावे, ही त्यातील मागणी सर्वपरिचित आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र त्यातील आणखी दोन मुद्दे महत्त्वाचे ठरतात. पहिला मुद्दा असा की, प्राथमिक शाळांतील शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत. त्यांनी लोकांत मोकळेपणाने मिसळावे आणि त्यांच्या गरजा व इच्छा त्यांना समजाव्यात, अशी त्यामागची अपेक्षा होती. दुसरा मुद्दा अभ्यासक्रमाचा. मोडी व बाळबोध लेखन-वाचन आणि हिशेब यांच्याबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान व आरोग्याचे धडे त्यात असावेत, असे त्यांनी सुचवले.

या सूचनांमागे संज्ञापनाचे एक तत्त्व आहे. बोलणारा आणि ऐकणारा यांच्यातील अंतर केवळ भाषेचे नसते, ते सामाजिकही असते. शिक्षक ज्या मुलाला शिवायलाही कचरतो, त्या मुलापर्यंत त्याची शुद्ध भाषा पोचत नाही. फुले यांनी स्वतः १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले, तेव्हा अज्ञानातून होणारी फसवणूक त्यांनी कुणबी जोडप्याच्या रोजच्या जगण्यातून आणि संवादांतून उभी केली. लोकशिक्षणाला लोकांचे बोलणे आणि लोकांचे अनुभव यांचा आधार हवा, हे त्यांनी कृतीनेही दाखवले होते. हेच तत्त्व पुढे विदर्भातील एका निरक्षर पुरुषाने फार मोठ्या प्रमाणावर आचरणात आणले.

३.३.२ गाडगे महाराज : कृतीची भाषा

डेबूजी झिंगराजी जानोरकर ऊर्फ गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. बालपण मामाच्या घरी गुरे राखण्यात आणि शेतीकामात गेले. कर्ज आणि सावकारी यांचा फास त्यांनी घरातच अनुभवला. १९०५ साली त्यांनी घर सोडले आणि उर्वरित आयुष्य लोकसेवेत घालवले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हाती खराटा आणि मातीचे गाडगे, ही त्यांची ओळख होती.

एखाद्या गावी आल्यावर ते प्रथम खराट्याने रस्ते झाडू लागत. कीर्तन रात्री होई. हा क्रम विचारात घेण्याजोगा आहे. पारंपरिक गावगाड्यात रस्ता झाडण्याचे काम जातीने ठरवून दिलेले होते. ज्याला लोक महाराज म्हणून वंदन करू पाहतात, त्यानेच ते काम हाती घेतले की काम हलके आणि काम करणारा हीन, या समजुतीला धक्का बसतो. येथे अद्याप एकही शब्द उच्चारलेला नाही, तरी संदेश दिला गेला आहे. यालाच शब्देतर संज्ञापन म्हणतात. रात्रीच्या कीर्तनातील शब्दांना विश्वासार्हता मिळे ती दिवसभराच्या या कृतीमुळे.

३.३.३ कीर्तन : परिचित रूप, नवा आशय

महाराष्ट्रात कीर्तनाची परंपरा शतकानुशतकांची आहे. कीर्तन म्हटले की कोठे जमायचे, कसे बसायचे, टाळ्या केव्हा वाजवायच्या, भजन कसे उचलून धरायचे, हे श्रोत्याला ठाऊक असते. अशा परिचित रूपामुळे श्रोता जमवण्याचे आणि त्याचे मन ऐकण्यास अनुकूल करण्याचे निम्मे काम संस्कृतीनेच केलेले असते. भाषणाला न येणारा माणूस कीर्तनाला येतो, तो यामुळेच.

गाडगे महाराजांनी हे रूप स्वीकारले, पण त्याचा साचा सैल केला. अभंगाच्या निरूपणाऐवजी प्रश्नोत्तरांना मध्यवर्ती स्थान दिले. भाषा वऱ्हाडी बोली ठेवली. ‘गोपाला गोपाला, देवकीनंदन गोपाला’ या गजराने ते श्रोत्यांना वेळोवेळी सामील करून घेत. १९५६ साली मुंबईत वांद्रे येथे झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाल्यामुळे ही पद्धती आजही ऐकता येते.

त्यांच्या प्रश्नमालिकेची रचना पाहा. देवाला नैवेद्य दाखवता का? दाखवतो. जवळ काठी घेऊन का बसता? कुत्रे येईल म्हणून. मग ज्याला कुत्रे हाकलता येत नाही, तो तुमच्यावरची संकटे कशी हाकलणार? हा युक्तिवाद श्रोत्याला नाकारता येत नाही, कारण त्यातील प्रत्येक पायरी त्याच्या स्वतःच्या अनुभवाची असते. पहिली दोन उत्तरे तो स्वतःच मोठ्याने देतो, त्यामुळे निष्कर्षही त्याला स्वतःचा वाटतो. प्रौढ व्यक्तीला शिकवताना ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. प्रौढ माणूस अक्षरशत्रू असेल, अनुभवशून्य नसतो. त्याचा अनुभव हाच शिक्षणाचा प्रारंभबिंदू मानला, तर त्याचा मान राखला जातो.

३.३.४ मूल्यांशी संवाद : एका मूल्याच्या बळावर दुसऱ्याची चिकित्सा

लोकांची भाषा आणि लोकांचे रूप घेतले की काम संपते, असे मात्र नाही. कारण त्याच संस्कृतीत अस्पृश्यता, नवसाची पशुहत्या आणि ऋण काढून केलेले सण-समारंभही होते. लोकशिक्षकापुढे येथे खरा पेच उभा राहतो. संस्कृतीवर सरसकट आघात केल्यास श्रोता उठून जातो आणि तिला सरसकट मान डोलावल्यास शिक्षण थांबते.

गाडगे महाराजांनी काढलेला मार्ग असा : समाजाने आधीच मान्य केलेल्या एका मूल्याच्या आधारे त्याच समाजातील दुसऱ्या प्रथेची चिकित्सा करायची. भूतदया हे मूल्य सर्वांना मान्य होते, त्या आधारे त्यांनी बोकडाच्या बळीला विरोध केला. संसारात काटकसर करावी हे कोणी नाकारत नव्हते, त्या आधारे त्यांनी कर्ज काढून लग्न वा तीर्थयात्रा करण्यावर टीका केली. संतवचनांविषयी आदर होता, म्हणून तुकोबांचा आधार घेऊन त्यांनी अस्पृश्यतेवर प्रहार केला. जेवायला ताट नसले तरी चालेल, भाकरी हातावर घेऊन खा, पण मुलांना शिकवा, हे त्यांचे सांगणे आईबापांच्या अपत्यप्रेमालाच साद घालणारे होते.

३.३.५ शब्दांकडून संस्थेकडे

केवळ कीर्तनाने बदल टिकत नाही, याचीही त्यांना जाणीव होती. मिळालेल्या देणग्यांतून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी धर्मशाळा उभारल्या. शिक्षणसंस्था व वसतिगृहांना साहाय्य केले. पंढरपुरातील चोखामेळा धर्मशाळा अस्पृश्य मानल्या गेलेल्या यात्रेकरूंसाठी होती. साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ साली विठ्ठल मंदिर सर्वांना खुले झाले. तोपर्यंत ज्यांना मंदिरात प्रवेश नव्हता, त्यांच्यासाठी त्या गावातील हक्काचे छप्पर हाही एक संदेशच होता. ही धर्मशाळा महाराजांनी पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्वाधीन केली.

परिचित लोककलेतून नवा आशय देण्याचा प्रयत्न इतरांनीही केला. सत्यशोधक जलशांनी तमाशाच्या रूपातून रूढींवर टीका केली. पुढे भीमराव कर्डक आदींच्या आंबेडकरी जलशांनी आत्मसन्मानाचा विचार वस्त्यावस्त्यांत नेला. येथे एक फरक लक्षात घ्यावा. जलशात वंचित समाज केवळ श्रोता राहिला नाही, तो वक्ता आणि कलावंत झाला. ज्यांना शिकवायचे, तेच शिकवू लागणे, ही लोकशिक्षणाची पुढची पायरी होय.

३.३.६ आजच्या संदर्भात

महाराष्ट्र शासनाने २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. गावांमधील स्पर्धा, श्रमदान आणि गावाविषयीचा अभिमान यांवर ते आधारलेले होते. केवळ दंडाची भीती दाखवण्याऐवजी सामूहिक प्रतिष्ठेला आवाहन केल्यामुळे अनेक गावे त्यात उत्साहाने उतरली.

तथापि, अशा उपक्रमांचे परीक्षण करताना एक प्रश्न विसरू नये. पाहणी समिती येण्याच्या दिवशी सर्वांनी हाती घेतलेला खराटा दुसऱ्या दिवशी कोणाच्या हाती जातो? तो पुन्हा त्याच वस्तीतील माणसांच्या हाती जात असेल, तर रस्ता स्वच्छ झाला, पण गाडगे महाराजांचा संदेश पोचला नाही. आपण कोणाचे गुरू नाही आणि आपला कोणी शिष्य नाही, असे सांगणाऱ्या पुरुषाची तसबीर भिंतीवर लावणे सोपे असते. त्याचे प्रश्न स्वतःला विचारणे मात्र कठीण असते.

३.४ सारांश

संज्ञापन केवळ शब्दांनी घडत नाही. भाषा आशयाला श्रोत्यापर्यंत नेते, संस्कृती ऐकण्याचे परिचित रूप पुरवते, आणि सामाजिक मूल्ये त्या आशयाचा स्वीकार वा अव्हेर ठरवतात. शिकवणाऱ्याने लोकांत मिसळावे, हा फुले यांचा आग्रह आणि गाडगे महाराजांचे कीर्तन यांतून एकच सूत्र पुढे येते : श्रोत्याचा अनुभव आणि प्रतिष्ठा मान्य केल्याशिवाय लोकशिक्षण होत नाही, आणि श्रोत्याला प्रश्न विचारल्याशिवायही ते होत नाही. पहिले टाळले तर उपदेश उरतो. दुसरे टाळले तर रंजन उरते.

३.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘बोलणारा आणि ऐकणारा यांच्यातील अंतर सामाजिकही असते’ हे विधान फुले यांच्या निवेदनाच्या आधारे स्पष्ट करा.
२. गाडगे महाराजांच्या प्रश्नोत्तर पद्धतीची वैशिष्ट्ये लिहा.
३. गाडगे महाराजांचे कीर्तन आणि सत्यशोधक व आंबेडकरी जलसे यांतील साम्य-भेद सांगा.

उपक्रम : आपल्या गावातील वा वस्तीतील एक शासकीय सूचना उतरवून घ्या. ती ज्यांच्यासाठी आहे अशा दोन व्यक्तींना वाचून दाखवा आणि त्यांना काय समजले ते त्यांच्याच शब्दांत लिहा. त्यानंतर तीच सूचना त्यांच्या बोलीत, त्यांना उपयोगी पडेल अशा रीतीने पुन्हा लिहून पाहा.