स्वयंपाकाला या, शिखरावर नको!

अमेरिकेच्या अगदी उत्तरेला, अलास्कात देनाली नावाचं शिखर आहे. उंची ६१९० मीटर, उत्तर अमेरिका खंडातलं सर्वांत उंच. सरकारी दप्तरात ते बरीच वर्षं मॅकिन्ली होतं, २०१५ मध्ये देनाली झालं, २०२५ मध्ये पुन्हा मॅकिन्ली! लग्न झालेल्या बाईच्या नावासारखीच गत. तिथले मूळ रहिवासी मात्र पिढ्यान् पिढ्या देनालीच म्हणतात.

अंगावर बारमाही बर्फ, कुशीतून निघालेल्या हिमनद्या. त्यातली काहिल्टना तर सत्तर किलोमीटर लांब. एव्हरेस्टपेक्षा ठेंगणं म्हणून त्याला कमी लेखू नका हं. ध्रुवाकडे हवेचा दाब मुळात कमी, म्हणून तेवढ्याच उंचीवर हिमालयापेक्षा इथे धाप जास्त लागते.

मला या डोंगराची ओढ लागली ती मात्र एका पत्रकामुळे. १९६९ च्या सुमारास आर्लिन ब्लम या तरुण गिर्यारोहक मुलीनं देनालीच्या एका मोहिमेची चौकशी केली. पत्रकात काय होतं म्हणता? बायकांनी तळावरच्या छावणीपर्यंत खुशाल यावं, स्वयंपाकाला मदत करावी, त्यांना पैशांत सवलतही मिळेल. चढाई मात्र करायची नाही. वाचून मी कपाळावर हात मारला. अमेरिका झाली म्हणून काय, चूल तिथंही हजर!

खरं तर बार्बरा वॉशबर्न ६ जून १९४७ रोजीच या शिखरावर पोचली होती. ती तिथं पोचलेली पहिली स्त्री. घरी तीन लहान मुलं. त्यांना सोडून निघताना तिचा पाय अडखळला होता, पण गेली.

आर्लिननंही मग रडत न बसता मैत्रिणी गोळा केल्या. १९७० मध्ये सहाजणी निघाल्या, एकही पुरुष सोबत नाही. डॉक्टर असलेल्या ग्रेस होमन पुढारी, आर्लिन उपपुढारी. तंबू, दोर, शिधा, सगळं ओझं स्वतःच्याच पाठीवर. ६ जुलैला सहाहीजणी माथ्यावर! पण ग्रेसबाईंना उंची बाधली होती. त्या तिथंच कोसळल्या, शुद्ध हरपली. समोर बर्फाचा उतार, मदतीला हाक मारावी तर जवळ कुणी नाही. आर्लिननं सूत्रं हाती घेतली. होतं त्या सामानातून स्ट्रेचर केलं, पाचजणींनी दोर धरले आणि आपल्या पुढारीणबाईंना इंच इंच करत खाली आणलं. वर जाण्यापेक्षा हेच मला मोठं वाटतं. बाळंतिणीला झोळीतून दवाखान्यात नेणाऱ्या आपल्याकडच्या बायाच डोळ्यांपुढे आल्या.

सहाहीजणी जिवंत परतल्या. आठ वर्षांनी, १९७८ मध्ये, याच आर्लिनच्या नेतृत्वाखाली बायकांची तुकडी नेपाळात अन्नपूर्णेवर गेली. खर्चासाठी त्यांनी टी-शर्ट विकले. त्यावर छापलं होतं, बाईची जागा शिखरावर!