दिल्लीतील शालेय फुटबॉलपटू आणि महाविद्यालयीन प्रवेश: काही गैरसमज

दिल्ली आणि तिच्याभोवतीच्या नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद, गुरुग्राम या शहरांत फुटबॉल खेळणाऱ्या मुलामुलींच्या अनेक पालकांचा असा समज असतो की, मूल चांगले खेळत राहिले तर एखाद्या महाविद्यालयाचा निवडकर्ता कधीतरी सामना पाहायला येईल, मुलाला हेरील आणि प्रवेशाचा प्रश्न तेथेच सुटेल. ही रीत अमेरिकेतील आहे. तेथे विद्यापीठाच्या संघाचा प्रशिक्षक शाळांचे व क्लबांचे सामने पाहून, चित्रफिती मागवून खेळाडू निवडतो आणि बऱ्याच ठिकाणी शिष्यवृत्तीही देतो. मात्र तेथील राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या तिसऱ्या विभागातील संस्थांना खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही, हे परदेशी जाण्याचा विचार करणाऱ्या कुटुंबाने आधीच जाणून घ्यावे. दिल्ली विद्यापीठाची व्यवस्था निराळी आहे. तेथे क्रीडा कोट्यातून, म्हणजे नेहमीच्या प्रवेशसंख्येच्या वर निर्माण केलेल्या अधिसंख्य जागांवर प्रवेश मिळतो. क्रीडा आणि अभ्यासेतर उपक्रम मिळून या जागा एकूण जागांच्या 5 टक्क्यांपर्यंत असतात, आणि त्यांसाठीची निवड अर्ज केलेल्यांमधूनच होते. खेळाडूला शोधत कोणी येत नाही, त्यालाच आपल्या कामगिरीच्या नोंदी घेऊन दाराशी जावे लागते.

यालाच जोडून येणारा दुसरा समज असा की, कोटा खेळाचा असल्यामुळे अभ्यासाला महत्त्व नाही. 2022 पासून दिल्ली विद्यापीठाचे पदवी प्रवेश केंद्रीय विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश परीक्षेवर, म्हणजे सीयूईटीवर, होऊ लागले आणि क्रीडा कोट्यातील अर्जदारांनाही ही परीक्षा देणे बंधनकारक झाले. त्या वर्षी ठरलेल्या सूत्रानुसार क्रीडा गुणवत्तेला, म्हणजे चाचणी आणि प्रमाणपत्रे यांना मिळून 75 टक्के, तर परीक्षेतील गुणांना 25 टक्के भार देण्यात आला. हा चौथा हिस्सा लहान वाटतो खरा, पण चाचणीत दोन खेळाडूंचे गुण जवळपास सारखे पडले की निकाल त्यावरच ठरतो. म्हणून बारावीच्या वर्षी मुलाची पुस्तके बाजूला ठेवून त्याला केवळ मैदानावर पाठवणे हे त्याच्या हिताचे नाही.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज प्रमाणपत्रांविषयीचा आहे. गेल्या काही वर्षांत या परिसरात कृत्रिम गवताची छोटी मैदाने आणि खासगी अकादम्या वाढल्या, त्यांच्यासोबत प्रवेशशुल्क घेऊन भरवल्या जाणाऱ्या स्पर्धाही वाढल्या, आणि अशा स्पर्धांत मिळालेल्या चषकांनी व प्रमाणपत्रांनी घरातील कपाट भरले की मुलाची बाजू भक्कम झाली, असे मानले जाते. प्रत्यक्षात निमंत्रितांच्या, स्मृतिप्रीत्यर्थ भरवलेल्या, सर्वांसाठी खुल्या आणि रोख बक्षिसांच्या स्पर्धांची प्रमाणपत्रे दिल्ली विद्यापीठ विचारात घेत नाही. मोजली जातात ती मान्यताप्राप्त संघटनेने घेतलेल्या आंतरराष्ट्रीय, राष्ट्रीय, राज्य किंवा आंतरशालेय पातळीवरील स्पर्धांची प्रमाणपत्रे, उदाहरणार्थ भारतीय शालेय क्रीडा महासंघाच्या राष्ट्रीय स्पर्धेची. तीही सामान्यतः मागील तीन वर्षांतीलच. याचा अर्थ असा की, खेळाडूची कामगिरी नववीच्या अखेरीपासूनच लेखी रूपात जमा होत गेली पाहिजे. आठवीतील गाजलेली धाव कितीही देखणी असली तरी प्रवेशाच्या वेळी ती उपयोगी पडत नाही. खासगी स्पर्धा निरुपयोगी आहेत असे मुळीच नाही, कारण सराव आणि सामन्याची सवय तेथे होते. परंतु ज्या महिन्यात शाळेचा संघ जिल्हा किंवा विभागाच्या पातळीवर खेळत असेल, त्या महिन्यात खासगी चषकासाठी मुलाला तिकडे नेणे हा तोट्याचा सौदा आहे.

राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात आणखी एक घोळ होतो, तो सीमेचा. घर आणि अकादमी जवळजवळ असली तरी नोएडा व गाझियाबाद उत्तर प्रदेशात, गुरुग्राम व फरिदाबाद हरियाणात आणि राजधानी स्वतंत्र प्रदेशात मोडते, आणि प्रत्येकाची राज्य संघटना व शालेय क्रीडा यंत्रणा वेगळी आहे. शालेय स्पर्धांत विद्यार्थी कोणत्या संघातून खेळणार, हे राहत्या पत्त्यावरून नव्हे, तर शाळा कोठे आहे आणि ती कोणत्या मंडळाशी संलग्न आहे यावरून ठरते. शालेय महासंघाच्या स्पर्धांत केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ, केंद्रीय विद्यालये आणि नवोदय विद्यालये यांचे स्वतंत्र संघ असतात. दहावीनंतर शाळा बदलताना हा विचार क्वचितच होतो, तो व्हायला हवा. दिल्लीबाहेरच्या शाळेत शिकल्यामुळे दिल्ली विद्यापीठाचे दार बंद होते, ही भीती मात्र निराधार आहे, कारण तेथे देशभरातून अर्ज येतात.

चाचणीत गोल करणाराच निवडला जातो, हेही खरे नाही. महाविद्यालये आपल्या गरजेनुसार खेळ आणि खेळाडूचे स्थान ठरवून जागा मागतात, त्यामुळे ज्या वर्षी एखाद्या संघाला गोलरक्षक किंवा डाव्या बाजूचा बचावपटू हवा असतो, त्या वर्षी उत्तम आघाडीपटूला तेथे जागा नसते. तीन जागांवर थोडेथोडे खेळणाऱ्यापेक्षा एका स्थानाची पक्की जाण असलेला खेळाडू चाचणीत उठून दिसतो, आणि प्रशिक्षकांनी ते स्थान वेळेत ठरवून देणे ही त्यांची जबाबदारी आहे.

निवडकर्ते दिल्लीत कोठेच येत नाहीत, असे म्हणणेही एकांगी ठरेल. 1960 पासून भारतीय हवाई दलाच्या पुढाकाराने होणारी सुब्रोतो चषक आंतरशालेय स्पर्धा, जिचे सामने दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियममध्ये वर्षानुवर्षे रंगले, तिच्याकडे क्लबांचे निवडकर्ते लक्ष ठेवतात. पण ते क्लबासाठी येतात, पदवीसाठी नव्हे, आणि या दोन वाटा वेगळ्या आहेत. दोन्हींकडे वय खोटे सांगणे सारखेच घातक ठरते, कारण मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून अस्थिवय ताडण्याची पद्धत आता वयोगटांच्या स्पर्धांत वापरली जाते आणि अपात्र ठरलेल्या खेळाडूसोबत अनेकदा त्याच्या संघालाही त्याची किंमत मोजावी लागते.

क्रीडा कोट्यातून प्रवेश घेणाऱ्याकडून पदवीचा संपूर्ण काळ महाविद्यालय आणि विद्यापीठासाठी खेळण्याचे हमीपत्र घेतले जाते. त्यामुळे जागा पदरात पाडून घेऊन पहिल्याच वर्षी बूट खुंटीला टांगण्याचा बेत असलेल्याने हा मार्ग धरू नये. ज्याला आंतरमहाविद्यालयीन आणि पुढे भारतीय विद्यापीठ संघाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धांत खरोखर खेळायचे आहे, त्याच्यासाठीच त्या मोजक्या जागा आहेत.