गाण्याखालचा आवाज

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी, म्हणजे तिकडच्या घरी, माळ्यावर किंवा कपाटाच्या वरच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या चार-दोन व्हिडिओ कॅसेट असतात. कुणाचं लग्न, कुणाची मुंज, एखादं बारसं. पाठीवर स्केचपेनने लिहिलेली नावं पुसट झालेली असतात आणि घरातला व्हीसीआर केव्हाच भंगारात गेलेला असतो. मागच्या उन्हाळ्यात वाईहून येताना मी अशा सात कॅसेट हँडबॅगेतून इथे एरलांगेनला आणल्या. (विमानतळावरच्या एक्स-रेने कॅसेटला काही होत नाही, निर्धास्त आणा.) त्यांच्या डीव्हीडी करण्याचं काम हिवाळाभर चाललं. मंडळात बऱ्याच जणींनी विचारलं, म्हणून हा लेख. मात्र मी चित्रापेक्षा आवाजाबद्दलच जास्त लिहिणार आहे. चित्र बरंवाईट कसंही उतरतं, लोक त्याच्याकडे लक्षही देतात. आवाजाकडे कुणी बघतच नाही.

आधी एक चांगली गोष्ट. भारतात आणि जर्मनीत दोन्हीकडे टीव्हीची पाल पद्धत, सेकंदाला २५ चित्रं. त्यामुळे वाईची कॅसेट इथल्या कुठल्याही जुन्या व्हीसीआरवर सरळ चालते. अमेरिकेतल्या नातेवाइकांना हे सुख नाही. तिथली पद्धत वेगळी असल्याने त्यांच्या साध्या व्हीसीआरवर आपली कॅसेट धड दिसत नाही. नवीन व्हीसीआर आता मिळत नाहीत, जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ च्या जुलैत उत्पादन बंद केलं तेव्हा तो विषयच संपला. पण इथे फ्लोमार्टमध्ये किंवा जुन्या वस्तूंच्या जाहिरातींत चांगली यंत्रं अजून सापडतात. आम्ही एका निवृत्त आजोबांकडून घेतला. त्यांनी तो झाकण घालून ठेवला होता आणि माहितीपुस्तिकाही जपली होती! घेताना एकच बघा, यंत्रावर ‘हाय-फाय स्टिरिओ’ लिहिलेलं हवं. ते का, हे सांगायला जरा यंत्राच्या पोटात शिरावं लागेल.

व्हीएचएस फितीवर आवाज दोन ठिकाणी असू शकतो. पहिली जागा म्हणजे फितीच्या कडेची अरुंद पट्टी. ही प्रत्येक कॅसेटवर असते. गाण्यांच्या साध्या कॅसेटमध्ये फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते, आपल्या व्हीएचएसमध्ये मात्र जेमतेम २.३४. निम्म्या वेगावर भरलेला आवाज गोधडीखालून आल्यासारखा वाटणारच. दुसरी जागा हाय-फायची. यात फिरत्या ड्रमवरची हेड आवाज फितीच्या खोल थरात लिहितात आणि त्याच्यावर चित्र लिहिलं जातं. ड्रम सेकंदाला २५ फेऱ्या घेतो, म्हणून हा आवाज कितीतरी स्वच्छ असतो. आणि महत्त्वाचं म्हणजे हा आवाज चित्राला चिकटलेला असतो. चित्र न पुसता तो बदलता येत नाही. कडेच्या पट्टीवरचा आवाज मात्र चित्राला धक्का न लावता पुसून त्यावर दुसरा भरता येतो.

आता नव्वदच्या दशकातलं लग्नाचं शूटिंग आठवा. हॅलोजनचा दिवा, त्या प्रकाशात डोळे बारीक करून बसलेली मंडळी, आणि पंधरा दिवसांनी ‘मिक्सिंग’ होऊन आलेली कॅसेट. मिक्सिंग म्हणजे वरातीपासून पंगतीपर्यंत सगळ्यावर सिनेमाची गाणी. मंगलाष्टकं तेवढी खरी ऐकू यायची. बाकी सगळी माणसं नुसती तोंडं हलवताना दिसायची.

माझ्या धाकट्या काकांचं लग्न १९९४ सालचं. त्या कॅसेटमध्ये आदल्या दिवशीचा घाणा भरण्याचा कार्यक्रम आहे. जात्याला हळदीकुंकू वाहून बायका हळद दळत बसल्या आहेत, मधोमध माझी आजी, आणि वर सनईच्या सुरावटीचं एक सिनेमातलं गाणं. आम्ही ती कॅसेट घरी इतक्यांदा पाहिली की त्या गाण्याशिवाय तो प्रसंग मला आठवतच नसे. आजी १९९९ साली गेली. घरात टेपरेकॉर्डर होता, पण तिचा आवाज भरून ठेवावा असं कुणाच्या मनात आलं नाही. ओव्या ती रोजच म्हणायची, रोजची गोष्ट कोण भरून ठेवतं?

इथल्या व्हीसीआरवर ती कॅसेट लावली आणि गाणं आलंच नाही. जात्याची घरघर आली, बांगड्या वाजल्या, मग आजीचा आवाज आला. नवऱ्याला वाटलं यंत्र बिघडलं. मी पुस्तिका काढून ‘हाय-फाय’ऐवजी ‘नॉर्मल’ निवडलं, तर सिनेमातलं गाणं परत हजर. शूटिंगवाल्याने गाणी भरली होती ती फक्त कडेच्या पट्टीवर. त्याने कॅसेटची प्रत हाय-फाय यंत्रावर काढली असणार, आणि खालचा मूळ आवाज जसाच्या तसा राहिला होता. आमच्या वाईच्या साध्या व्हीसीआरला तो वाचताच येत नव्हता. पंचवीसएक वर्षं आजी त्या गाण्याखाली ओव्या म्हणत होती. माझी आठ वर्षांची मुलगी शेजारी बसून ऐकत होती. तिने विचारलं, “पणजी एवढ्या मोठ्याने का बोलते?” फोटोतली पणजी तिला गप्प बाई वाटायची.

प्रत्येक कॅसेटमध्ये असं काही सापडेल असं नाही. माझ्या सातांपैकी एकाच कॅसेटमध्ये सापडलं. पण बघितल्याशिवाय कळणार नाही. म्हणून कॅसेट दुकानात देणार असाल तर हाय-फाय आणि साधा असे दोन्ही आवाज तपासायला आवर्जून सांगा. मी एक कॅसेट दुकानातून करून घेतली होती, त्यांनी विचारलंही नाही.

घरी करणार असाल तर कामाचा क्रम असा. कॅसेटच्या मागच्या कडेची प्लास्टिकची टिकली आधी मोडा, म्हणजे चुकून पुसली जाणार नाही. खिडकीतून फितीवर पांढरी पूड दिसली तर ती बुरशी. कोकणातल्या किंवा पावसाळी गावातल्या कॅसेटना ती हमखास असते. अशी कॅसेट यंत्रात घालू नका, हेड खराब होतात आणि बुरशी पुढच्या कॅसेटलाही लागते. बाकीच्या कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळून घ्या.

आवाज उतरवताना पातळी दाखवणारी पट्टी सगळ्यात मोठ्या आवाजालाही लाल होता कामा नये. बँड वाजतो तिथे आधी तपासून बघा. हळू उतरलेला आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला शिवता येत नाही. आणि पहिल्यापासून ४८,००० ची नमुनागती ठेवा. डीव्हीडीला तीच लागते, ४४,१०० ही ऑडिओ सीडीची. चित्र एका वाटेने आणि आवाज दुसऱ्या वाटेने संगणकात घेतला तर दोघांची घड्याळं किंचित वेगळी चालतात. दहा हजारांत एक एवढा फरक असला तरी तासाभरात ०.३६ सेकंद होतात, म्हणजे नऊ चित्रं. भटजींचं ‘सावधान’ आधी ऐकू येतं आणि अक्षता मागाहून पडतात. शक्यतो दोन्ही एकाच उपकरणातून घ्या.

घूं असा सतत आवाज येत असेल (इथले लोक त्याला ‘ब्रुमेन’ म्हणतात, शब्दच कसा गुंजतो बघा) तर तो विजेचा, ५० हर्ट्झचा आणि त्याच्या पटींचा. गाळणी लावण्याआधी अँटेनाची किंवा केबलची वायर व्हीसीआरमधून काढा आणि लॅपटॉप बॅटरीवर चालवा. निम्म्या वेळा तेवढ्यानेच थांबतो. उरला तर ‘ऑडॅसिटी’ या मोफत प्रोग्रॅममध्ये तेवढेच स्वर कापता येतात.

खरखर कमी करण्याचं बटण मात्र जपून वापरा. ते फार दाबलं की माणसं विहिरीच्या तळातून बोलल्यासारखी ऐकू येतात. मी सहा डेसिबलच्या पुढे गेले नाही. शिवाय काय खरखर आणि काय आवाज हे प्रोग्रॅमला कळत नाही. जात्याची घरघर त्याने पहिल्या फटक्यात पुसून टाकली असती! स्टोव्हचा फरफराट, कावळा, लांबून एसटीचा हॉर्न, हे सगळं मी ठेवलं आहे. कॅमेऱ्याचा मायक्रोफोन स्वतःच आवाज कमी-जास्त करत असतो. बँड थांबला की पुढची दोन-तीन वाक्यं तो गिळतो. तेवढी वाक्यं हाताने उचलून घ्यावी लागतात. त्याला वेळ लागतो, पण वह्या तपासण्याची सवय असलेल्या बाईला हे काम जमतं.

मूळ उतरवलेला आवाज न धुता-पुसता वेगळा ठेवा. तासाला साधारण ६९० एमबी लागतात. त्याचीच एमपी३ केली तर साठ एमबीच्या आत बसते. हा एमपी३ प्रकार इथेच एरलांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेत घडला. कानाला जे जाणवणार नाही ते वगळायचं ही त्याची युक्ती. नातेवाइकांना पाठवायला ठीक आहे, पण ठेवण्यासाठी नको. बाकी चुंबकीय फीतसुद्धा या देशाचीच. १९२८ मध्ये ड्रेस्डेनच्या फ्रिट्स फ्लॉइमर यांनी कागदाच्या पट्टीवर लोखंडाची भुकटी बसवली, आणि ए.ई.जी. कंपनीचं ‘मॅग्नेटोफोन’ यंत्र १९३५ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात आलं. त्याची फीत बीएएसएफने लुडविग्सहाफेनला केली होती.

गाण्याचं काय करायचं यावरून घरात वाद झाला. काकूंना त्यांच्या लग्नाची कॅसेट त्याच गाण्यांसकट हवी होती, आणि तेही खरंच, त्यांची आठवण त्या गाण्यांचीच आहे. तोडगा डीव्हीडीतच निघाला. एका डीव्हीडी-चित्रपटात आठपर्यंत आवाजपट्ट्या ठेवता येतात. मी कॅसेट दोनदा उतरवली, एकदा हाय-फाय, एकदा नॉर्मल. फ्लॅश चमकतो ती चित्रं जुळवून दोन्ही आवाज एकाच चित्राखाली लावले. रिमोटवरचं ‘ऑडिओ’ बटण दाबलं की गाणं जातं, घर येतं. (गाण्यांची प्रत इंटरनेटवर टाकू नका, हक्कांमुळे कधी कधी आवाजच बंद करतात.)

ओव्यांची फाइल मी वाईला आत्यांना पाठवली. मला सगळे शब्द लागत नव्हते. मराठीत एम.ए. असूनही जात्याच्या घरघरीतून अर्धे शब्द निसटत होते. जात्यावरच्या ओव्यांचं मोल मी अभ्यासात वाचलं होतं. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, बर्नार बेल यांनी ध्वनिमुद्रण केलं, आणि २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या ऐकता येतात. पण आपल्याच घरातली ओवी लिहून घ्यायची वेळ आल्यावर आत्यांशिवाय दुसरं कुणी नव्हतं. आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. तीन रविवार फोनवर आमचं श्रुतलेखन चाललं. त्या ऐकून सांगायच्या, मी लिहायची. आजीने एका ओवीत तिच्या थोरल्या भावाचं नाव गुंफलं होतं, ते आत्यांनाही नवीन होतं. सात बायकांपैकी सहा जणींचे आवाज त्यांनी ओळखले. सातवी कॅमेऱ्याकडे पाठ करून बसली आहे. आवाज घोगरा, तिसरी ओवी तीच सुरू करते, आणि आजी तिच्या मागून धरते. शेजारची असेल, आजीच्या माहेरची असेल. आत्यांनी दोन-तीन जुन्या घरांत विचारलं. तिला ओळखणारं आता कुणी भेटत नाही. वहीत तिच्यापुढे मी जागा मोकळी ठेवली आहे.

व्हीसीआर सध्या आमच्या केलरमध्ये आहे, जानेवारीपासून मोकळा होईल. न्यूर्नबर्ग-फ्युर्थकडच्या कुणाला हवा असेल तर घेऊन जा, वायर आणि पुस्तिका सोबत देते. फक्त बुरशीची शंका असेल तर कॅसेट आधी मला दाखवा.