आकाशमार्गाचे सारथी – लेखांक ७ : दीड हजार तासांचा दाखला

मागील लेखांकात वैमानिकाच्या वैद्यकीय पात्रतेचा विचार आपण केला. या आठवड्यात, ज्या अटीपायी उमेदवाराची उमेदीची वर्षे आणि त्याच्या कुटुंबाची बहुतेक पुंजी खर्ची पडते, त्या उड्डाणतासांच्या अटीकडे वळावयाचे आहे. परवाना, पहिली नोकरी, बढती आणि अखेरीस कप्तानपद, या प्रत्येक पायरीवर उमेदवाराला पहिला प्रश्न विचारला जातो तो, तुझ्या लॉगबुकात तास किती, हाच. आणि ज्या अर्थी हा प्रश्न जगातील यच्चयावत विमान खात्यांना इतका महत्त्वाचा वाटतो, त्या अर्थी त्याचे उत्तर माणसाच्या योग्यतेविषयी काय सांगते आणि काय सांगत नाही, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम आपल्याकडील व्यवस्था पाहू. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, ज्याला उमेदवार सीपीएल या आद्याक्षरांनीच ओळखतात, तो मिळवण्यासाठी १९३७ च्या विमान नियमावलीच्या दुसऱ्या परिशिष्टाने किमान २०० तासांच्या उड्डाणाची अट घातली आहे. हे तास कसेही भरून चालत नाहीत. त्यांपैकी १०० तास विमानाचा प्रमुख या नात्याने स्वतःच्या जबाबदारीवर केलेले असावे लागतात; २० तास एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी केलेल्या क्रॉस-कंट्री उड्डाणांचे असावे लागतात आणि त्यांत निदान एक प्रवास ३०० सागरी मैलांचा, वाटेत दोन निरनिराळ्या विमानतळांवर पूर्णपणे उतरून केलेला असावा लागतो; १० तास बाहेर न पाहता केवळ उपकरणांच्या आधारे, आणि ५ तास रात्रीचे, त्यांत किमान दहा उड्डाणे व दहा अवतरणे. याखेरीज दिशाशोधन, हवामान, विमानविषयक नियम व तांत्रिक ज्ञान यांच्या लेखी परीक्षा आणि रेडिओवरील संभाषणाचा स्वतंत्र दाखला हवाच. एवढे झाल्यावर एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ यांसारख्या एका विशिष्ट विमानाचे टाइप रेटिंग, जे मुख्यतः सिम्युलेटरवर होते, ते पदरात पाडून घेतले, की दोन-चार आसनांच्या विमानात शिकलेला तो तरुण किंवा ती तरुणी पावणेदोनशे प्रवाशांच्या जेट विमानात, कप्तानाच्या उजव्या हाताला, सहवैमानिक म्हणून बसण्यास कायद्याने पात्र ठरते. डाव्या हाताच्या कप्तानाला मात्र त्याहून वरचा, एटीपीएल नावाचा परवाना लागतो. त्यासाठी वयाची एकवीस वर्षे आणि १५०० तास आवश्यक असतात.

अमेरिकेतही २०१३ पर्यंत साधारण असाच क्रम होता. सहवैमानिकाला २५० तासांचा व्यावसायिक परवाना पुरत असे. तो क्रम बदलला तो एका अपघातामुळे. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री न्यूअर्कहून बफेलोकडे निघालेले कोलगन एअर या प्रादेशिक कंपनीचे बॉम्बार्डिए क्यू-४०० जातीचे विमान उतरण्याच्या बेतात असताना क्लॅरेन्स सेंटर या वस्तीतील एका घरावर कोसळले. विमानातील ४९ आणि घरातील एक, असे ५० जीव गेले. विमानात बिघाड नव्हता. वेग कमी होत चालला आहे हे दोघाही वैमानिकांच्या वेळीच लक्षात आले नाही, आणि पंखांवरील हवेचा प्रवाह तुटून विमानाची उचल नाहीशी होण्याच्या, म्हणजे स्टॉलच्या, आगाऊ इशाऱ्यादाखल नियंत्रणदांडा जेव्हा थरथरू लागला, तेव्हा जो पुढे लोटून वेग सावरावयाचा तो दांडा कप्तानाने मागे खेचला. चौकशीत आणखीही गोष्टी उजेडात आल्या. कप्तान यापूर्वी अनेक चाचण्यांत अनुत्तीर्ण झाला होता आणि त्यांतील काहींची वार्ता कंपनीला नव्हती. अखेरच्या क्षणी दांडा आपोआप पुढे ढकलणाऱ्या यंत्रणेचा सराव त्याला या विमानाच्या सिम्युलेटरवर कधी देण्यात आलेला नव्हता. आणि तुटपुंज्या पगारावर काम करणारी सहवैमानिक आपल्या कामाच्या ठिकाणी पोहोचण्यासाठी आदल्या रात्री सिएटलहून मालवाहू विमानांतून देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रवास करून आली होती.

मृतांच्या आप्तांनी आपले दुःख घरात कोंडून न ठेवता वॉशिंग्टनच्या कायदेमंडळात वारंवार खेटे घातले, आणि त्यांच्या चिकाटीचे फळ म्हणून १ ऑगस्ट २०१० रोजी जो कायदा संमत झाला, त्याने प्रवासी विमान कंपनीतील सहवैमानिकासही कप्तानाच्याच दर्जाचा परवाना, म्हणजे सर्वसाधारणपणे १५०० तासांचा अनुभव, बंधनकारक केला. २०१३ पासून ही अट अमलात आली. लष्करातून आलेल्या वैमानिकास ७५० तासांची, विमानविद्येची पदवी घेतलेल्यास १००० तासांची, आणि त्याच विषयाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केलेल्यास १२५० तासांची सवलतीची अट ठेवण्यात आली. दीड हजारांचा हा आकडा आज जगभरच्या वैमानिकी वर्तुळात वादाचा विषय आहे, आणि वाद क्षुल्लक नाही.

वादाचे मूळ एका वस्तुस्थितीत आहे. ज्या अपघातामुळे हा नियम आला, त्या विमानातील कप्तानाच्या खाती तीन हजारांहून अधिक आणि सहवैमानिकेच्या खाती दोन हजारांहून अधिक तास जमा होते. म्हणजे नवा नियम त्या रात्री अस्तित्वात असता, तरी तासांच्या आकड्यावरून त्यांपैकी कोणालाही कोणी अडवले नसते. नियमाचे टीकाकार हेच पुढे करून विचारतात, की २५० तासांचा परवाना घेतलेला उमेदवार उरलेले साडेबाराशे तास कोठून आणतो? बहुधा तो नवशिक्यांना शिकवतो, जाहिरातीचे फलक शेपटीला बांधून किनाऱ्यावरून फिरतो, किंवा स्वच्छ हवेत छोट्या विमानाने त्याच त्या प्रदेशावर घिरट्या घालतो. या श्रमांत धैर्य व स्वावलंबन येते हे खरे. परंतु चाळीस हजार फुटांच्या आसपास उडणाऱ्या, दोन माणसांनी मिळून चालवावयाच्या जेट विमानाचे शिस्तबद्ध काम त्यातून किती शिकता येते, हा प्रश्न राहतोच. एकच पलटा गुरूवाचून, चुकीच्याच वळणाने, दहा वर्षे घोकणाऱ्या गवयाचा गळा दहा वर्षांनी तयार झालेला नसतो; उलट ती चूकच त्याच्या गळ्यात पक्की बसलेली असते.

तथापि नियमाच्या समर्थकांची कैफियतही ऐकून घेतली पाहिजे. २००९ नंतर अमेरिकन प्रवासी कंपनीच्या विमानाचा इतक्या मोठ्या मनुष्यहानीचा अपघात २०२५ च्या जानेवारीत वॉशिंग्टन येथे एक प्रवासी विमान व लष्कराचे हेलिकॉप्टर यांची टक्कर होईपर्यंत घडला नाही. सोळा वर्षांचा हा काळ कोणीही हलक्याने उडवून लावावा असा नाही. शिवाय तासांची अट वाढल्याने उमेदवारांची टंचाई झाली, टंचाईमुळे प्रादेशिक कंपन्यांना पगार वाढवावे लागले, आणि पोटासाठी रात्रभर प्रवास करून कामावर येण्याची पाळी ज्या व्यवसायात येत होती, त्याला काही प्रतिष्ठा लाभली. परंतु त्याच कायद्याच्या पोटातून इतरही तरतुदी निघाल्या होत्या. २०१४ च्या जानेवारीपासून वैमानिकाला कामापूर्वी सलग दहा तासांची विश्रांती आणि तीत आठ तास झोपेची सवड देणे कंपन्यांवर बंधनकारक झाले. २०१३ च्या नोव्हेंबरातील नियमाने प्रत्येक वैमानिकास स्टॉलची केवळ पूर्वसूचनाच नव्हे, तर पूर्ण स्टॉल व त्यातून सावरण्याचा सराव सिम्युलेटरवर देण्याचे ठरले आणि त्याच्या पूर्ततेसाठी २०१९ च्या मार्चपर्यंतची मुदत दिली गेली. बफेलोच्या त्या रात्री जे उणे होते, ते या दोन तरतुदींनी नेमके भरून काढले असे माझे मत आहे. तासांच्या आकड्याने फार तर त्या उणिवेभोवती एक उंच कुंपण घातले.

याच्या अगदी विरुद्ध दिशेने आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना २००६ साली गेली. तिने मान्य केलेल्या बहुवैमानिक परवान्यात प्रत्यक्ष उड्डाण व सिम्युलेटर मिळून किमान २४० तासच सांगितले आहेत. मात्र ते पहिल्यापासून या हिशेबाने आखलेले असतात, की उमेदवाराने एकट्याने उडणारा वैमानिक न होता दोघांच्या जोडीत काम करणारा सहकारी व्हावे. येथे मोजमापाचा विषयच बदलतो. किती काळ उडालास, याऐवजी काय करून दाखवू शकतोस, संकटाची चाहूल किती लवकर घेतोस, कामे कशी वाटून देतोस, आणि दुसऱ्याचे चुकते आहे हे केव्हा व कोणत्या शब्दांत सांगतोस, हे तपासले जाते. ही रीत अधिक शहाणपणाची आहे खरी, पण ती अधिक खर्चाचीही आहे, आणि तिचे यश सर्वस्वी परीक्षकाच्या सचोटीवर अवलंबून आहे. कारण तास कोणीही मोजू शकतो, पारख मात्र जाणत्यालाच करता येते.

या जाणतेपणाच्या अभावाची किंमत आपल्या देशाला मंगळूर येथे मोजावी लागली. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे बोइंग ७३७ धावपट्टीचा मोठा भाग मागे टाकून टेकले, पठाराच्या कडेवरून खाली गेले आणि १६६ पैकी १५८ जण मृत्युमुखी पडले. एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी न्यायालयाने जो अहवाल दिला, तो वैमानिकीकडे वळणाऱ्या प्रत्येक मराठी तरुणाने वाचण्याजोगा आहे. कप्तानाच्या खाती दहा हजारांहून अधिक तास होते, सहवैमानिकाच्या खाती साडेतीन हजारांहून अधिक. कप्तान प्रवासाचा बराचसा भाग झोपलेला होता आणि झोपेची जडता उतरण्याच्या वेळीही त्याच्या निर्णयावर होती, असा निष्कर्ष निघाला. सहवैमानिकाने उतरू नका, पुन्हा वर चला, असे तीन वेळा बजावले. कप्तानाने ते मानले नाही, आणि सहवैमानिकाने नियंत्रण आपल्या हाती घेतले नाही. दोघांच्याही लॉगबुकांत तासांची उणीव नव्हती. उणीव होती ती कनिष्ठाने आपला अधिकार बजावण्याच्या आणि वरिष्ठाने त्याचा शब्द मानण्याच्या शिक्षणाची, आणि त्या शिक्षणासाठी लॉगबुकात रकाना नसतो.

शिवाय तास व गुण यांचे दाखले खरे असतील, हे आपण गृहीत धरून चालतो. २०११ च्या जानेवारीत गोव्याच्या विमानतळावर एक प्रवासी विमान मुख्य चाकांआधी पुढचे चाक टेकवून उतरले, आणि त्या निमित्ताने झालेल्या तपासात वरच्या परवान्यासाठी सादर केलेली गुणपत्रिकाच बनावट असल्याचे निष्पन्न झाले. त्यानंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने हजारो परवान्यांचे दप्तर तपासावयास घेतले, आणखी बनावट कागद सापडले, आणि काही प्रशिक्षणसंस्थांत न झालेल्या उड्डाणांचे तास नोंदवले जात असल्याचे आरोपही पुढे आले. जेथे आकडा हाच पात्रतेचा एकमेव पुरावा मानला जातो, तेथे तो आकडा विकत घेण्याचा मोह उत्पन्न होणार, हे राज्यकारभाराच्या कोणत्याही जुन्या कारकुनाने सांगितले असते. अट कडक करणे सोपे असते. तिची बजावणी प्रामाणिक राखणे कठीण असते, आणि दुसरे नसेल तर पहिल्याचा उपयोग केवळ गरीब व सरळ उमेदवाराला बाहेर ठेवण्यापुरता होतो.

हे मी कळकळीने लिहितो, कारण आज बारामती, गोंदिया, धुळे व शिरपूर येथील धावपट्ट्यांवर सराव करणाऱ्या मुलामुलींत सामान्य घरांतून आलेली पुष्कळ आहेत. परवाना व टाइप रेटिंग मिळून अर्ध्या कोटीहून अधिक रुपये लागतात. त्यासाठी कर्जे काढली जातात, जमिनी गहाण पडतात. अमेरिकेचा आकडा जसाच्या तसा येथे आणला, तर जेथे छोट्या विमानांचा व्यवसाय अत्यल्प आहे, अशा या देशात उरलेले तेराशे तास या मुलांनी कोठे करावेत, याला उत्तर नाही. ते तास श्रीमंतांना परदेशी विकत मिळतील आणि इतरांना कागदावर. म्हणून २०० तासांची अट तशीच ठेवून, त्या प्रत्येक तासाला मोल येईल अशी व्यवस्था करणे मला इष्ट वाटते. प्रशिक्षकाचा पेशा आज अनेकांना नोकरी मिळेपर्यंतचा मुक्काम वाटतो. त्याला वेतन व मान देऊन अनुभवी माणसे तेथे टिकवली पाहिजेत. विमानातील उपकरणांच्या नोंदींशी लॉगबुक ताडून पाहण्याची वहिवाट सक्तीची झाली पाहिजे. स्टॉलमधून सावरण्याचा सराव आणि वरिष्ठाला वेळीच थांबवण्याचा सराव हे दोन्ही पहिल्या नोकरीपूर्वीच, कठोर परीक्षकासमोर, झाले पाहिजेत. आणि एखाद्या चाचणीत आलेले अपयश न लपवता ते कायमच्या नोंदीत राहिले पाहिजे, मात्र त्यावरून उमेदवाराला कायमचे बाद न करता त्याच्या पुढील शिक्षणाची दिशा ठरवली पाहिजे.

प्रवाशाच्या नात्याने आपणही एवढे ध्यानात ठेवावे, की स्वस्त तिकिटाची मागणी करताना वैमानिकाची विश्रांती, त्याचा सराव आणि त्याचा प्रशिक्षक यांवर होणारा खर्च कोठून तरी कापला जाणार नाही, याची चौकशी करणे हा आपला हक्क आहे, आणि नियम शिथिल करण्याच्या प्रत्येक अर्जाच्या वेळी तो बजावणे हे कर्तव्य आहे. बफेलोच्या आप्तांनी ते कर्तव्य स्वतःचे माणूस गेल्यावर केले. त्यासाठी तशी पाळी येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

पुढील लेखांकात सहवैमानिकाच्या उजव्या आसनापासून कप्तानाच्या डाव्या आसनापर्यंतच्या वाटचालीचा, त्या वाटेवरील कमांड चाचण्यांचा आणि निवृत्तीचे वय साठावरून पासष्टावर नेणाऱ्या निर्णयाचा विचार करू.