बत्ती दुरून, निर्णय हातात

दिवाळीत रॉकेट उडवण्याची रीत उमेळ्याच्या गल्लीत आणि नालासोपाऱ्याच्या चाळीत एकच असते. रिकामी बाटली, तिच्यात काडीसकट उभे केलेले रॉकेट, हात लांब करून धरलेली उदबत्ती, आणि वात तडतडली की मागे पळणे. या रीतीत दोन गोष्टी आपण नकळत सोडून देतो. वात किती वेळ जळेल हे आपल्याला ठाऊक नसते, आणि एकदा ती पेटली की थांबवणे आपल्या हाती उरत नाही. मॉडेल रॉकेटच्या छंदात या दोन्ही गोष्टी पुन्हा माणसाच्या ताब्यात येतात. तिथे इंजिन विजेने पेटवतात, लहान इंजिन असेल तर किमान 15 फुटांवरून आणि मोठे असेल तर 30 फुटांवरून, आणि बटण दाबेपर्यंत कोणत्याही क्षणी थांबता येते. हा छंद सुरक्षित आहे तो या अंतरामुळे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. माझ्या मते अंतर ही अर्धीच बाजू आहे. पेटण्याचा क्षण आपण ठरवणे, आणि तो रद्दही करता येणे, ही दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. वसई परिसरातल्या मुलांना रॉकेट शिकवायचे असेल, तर शिकवणीची सुरुवात या दुसऱ्या बाजूने व्हायला हवी.

आधी इंजिन पाहू. जाड कागदी नळी, तिच्या खालच्या टोकाला दाबून बसवलेल्या मातीचे निमुळते तोंड, त्यावर घट्ट ठासलेली काळी दारू. ही दारू जळत असताना रॉकेट वर जाते. ती संपली की सावकाश जळणारा एक थर लागतो. त्याच्या धुरात रॉकेट आपल्या वेगाने चढत राहते. तो थर संपला की शेवटची चिमूटभर दारू वरच्या बाजूला पेटते, नाक उडवते आणि पॅराशूट बाहेर ढकलते. इंजिनावर ए8-3 असे काही छापलेले असते. अक्षर एकूण रेटा सांगते: ए गटात जास्तीत जास्त अडीच न्यूटन-सेकंद, आणि पुढच्या प्रत्येक अक्षराला दुप्पट. आठ हा सरासरी जोर न्यूटनमध्ये, आणि तीन म्हणजे दारू संपल्यापासून पॅराशूट सुटेपर्यंतचे सेकंद. कारखान्यातून निघालेल्या त्या बोटभर नळीत उड्डाणाचे सगळे वेळापत्रक आधीच भरलेले असते. त्यातली एकच वेळ मोकळी ठेवलेली असते, ती म्हणजे सुरुवातीची. एकदा सुरुवात झाली की पुढचे काहीही बदलता येत नाही, कारण घन इंधनाला नळ नसतो. श्रीहरिकोट्याहून उडणाऱ्या पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यात सुमारे 139 टन घन इंधन असते आणि त्यालाही हाच नियम लागू आहे. आपल्या वसंत गोवारीकरांनी ज्या घन इंधनाच्या अभ्यासात आयुष्य घातले, त्याचे बळ आणि त्याची अडचण एकाच ठिकाणी आहे: ते साधे आहे, भरवशाचे आहे आणि माघार घेत नाही. म्हणून माघारीची सगळी सोय पेटण्याआधी करून ठेवावी लागते.

ती सोय करण्याचे साधन म्हणजे इग्नायटर. दोन तारांच्या टोकांना जोडणारा नायक्रोमचा बारीक तुकडा, आणि त्यावर चटकन पेटणाऱ्या रसायनाचा ठिपका. तो मातीच्या तोंडातून आत सरकवून थेट दारूला टेकवतात आणि छोट्या प्लास्टिकच्या बुचाने जागीच धरून ठेवतात. टेकला नाही तर ठिपका जळून जातो आणि इंजिन तसेच राहते. न पेटलेल्या इंजिनांत हे कारण फार वेळा सापडते. रॉकेट साधारण तीन फूट उंचीच्या गुळगुळीत पोलादी दांडीवर चढवलेले असते. पहिल्या क्षणी वेग इतका कमी असतो की पंखांना हवेचा आधारच मिळत नाही, तेव्हा दिशा ही दांडी देते. दांडी उभ्या रेषेपासून 30 अंशांपेक्षा जास्त कलती चालत नाही आणि तिच्या बुडाशी ज्वाळा अडवणारा पत्रा असतो. या उभारणीला पॅड म्हणतात. शेवटी इग्नायटरच्या तारांना क्लिपा लावून माणूस वायर जाईल तितका मागे जातो. तिथे पेटी असते: बॅटरी, दिवा, बटण आणि काढता येणारी चावी. चावी बसवल्याखेरीज बटणापर्यंत वीज पोचत नाही. बटण स्प्रिंगचे असते, बोट उचलले की बंद. नियम असा की पॅडपाशी कोणीही असेपर्यंत चावी पेटीत नसावी. ती क्लिपा लावणाऱ्याच्या खिशात असावी. माझ्या लेखी सगळ्या सामग्रीत सर्वात मोलाची वस्तू ही चावी आहे, कारण रॉकेटजवळ असलेल्या माणसाच्या संमतीशिवाय ते पेटू शकत नाही ही हमी तीच देते. वायर कितीही लांब असली तरी ही हमी देऊ शकत नाही.

उमेळे-नायगावच्या खाऱ्या हवेत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. क्लिपांचे दात गंजतात. नुसत्या डोळ्यांना तो गंज नगण्य वाटतो, पण हिशोब पाहा. सहा व्होल्टची बॅटरी आणि सगळा मिळून दीड ओहमचा रोध असेल, तर चार अँपिअर वीज वाहते आणि ठिपका झटक्यात पेटतो. गंजाने त्यात दोन ओहमची भर पडली की वीज पावणेदोन अँपिअरच्या खाली येते. तार तापते, पण पेटवेल की नाही याची खात्री राहत नाही. पेटीवरचा दिवा मात्र दोन्ही वेळा लागतो, कारण त्याला अगदी थोडी वीज पुरते. दिवा वाट अखंड आहे एवढेच सांगतो. त्या वाटेने पुरेसा जोर जाईल की नाही, हे त्याला सांगता येत नाही. म्हणून दर वेळी क्लिपा पॉलिश पेपरने घासायच्या आणि बॅटरी ताजी ठेवायची. अंतर वाढवायचे म्हणून वायर लांबवली की तिचाही रोध वाढतो, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर जुना आणि चांगला उपाय आहे: जोरकस बॅटरी पॅडजवळ ठेवायची, तिच्यापुढे रिले, म्हणजे थोड्या विजेने चालणारा खटका, बसवायचा आणि लांब वायरीतून फक्त रिले ओढण्याइतकी वीज पाठवायची. पण मग पॅडजवळ बॅटरी आली, म्हणून तिथे आणखी एक स्वतंत्र खटका आला. अंतर वाढवताना थांबवण्याची सोय कमी होऊ द्यायची नाही, हे इथे पुन्हा दिसते.

आता बटण दाबले आणि काहीच झाले नाही, तर? दिवाळीत आपण म्हणतो, फुसका निघाला, आणि वाकून पाहायला जातो. मॉडेल रॉकेटचा नियम सांगतो: चावी काढा, नाहीतर बॅटरी सोडवा, शेवटच्या प्रयत्नापासून 60 सेकंद थांबा, मगच जवळ जा. हे मिनिट लोकांना जाचक वाटते. त्याचे महत्त्व वसईकरांना दूर जाऊन शोधायला नको. 1739 च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांच्या फौजेने वसईच्या किल्ल्याच्या तटाखाली सुरुंग पेरले होते. बत्ती दिली, काही सुरुंग उडाले, तट फुटला आणि मराठे खिंडाराकडे धावले. मागे राहिलेला सुरुंग तेव्हा उडाला आणि त्यात आपलीच माणसे मोठ्या संख्येने गेली. किल्ला पुढे काही दिवसांत हाती आला, पण त्या क्षणी चूक शौर्याची नव्हती. वातीच्या कारभारात न उडालेला सुरुंग आणि उशिरा उडणारा सुरुंग यांत बाहेरून फरकच कळत नाही. विजेने हा संशय पूर्ण जात नाही. दारूच्या कडेला ठिणगी धुमसत राहू शकते. पण ऊर्जेचा नवा पुरवठा नक्की बंद झाला आहे हे चावी काढल्यावर ठामपणे म्हणता येते, आणि उरलेल्या संशयासाठी ते एक मिनिट आहे.

हे नियम कुणा धास्तावलेल्या पालकाने केलेले नाहीत. अमेरिकेत नेब्रास्कातल्या नॉरफोक गावी जोड्यांचे दुकान चालवणाऱ्या ऑरव्हिल कार्लाइल याने 1954 मध्ये कागद आणि हलक्या लाकडाचे पहिले मॉडेल रॉकेट बनवले. व्हाइट सँड्सच्या क्षेपणास्त्र तळावर काम केलेला हॅरी स्टाइन त्याला येऊन मिळाला. 4 ऑक्टोबर 1957 ला स्पुटनिक उडाले आणि तिथली मुले तळघरात धातूच्या नळ्या ठासू लागली; बोटे आणि डोळे जाऊ लागले. स्टाइनने तळावरची शिस्त मुलांच्या मापाची करून दिली. 1958 मध्ये व्हर्नन एस्टिसने इंजिने बनवणारे यंत्र तयार केले. त्यामुळे दारू ठासण्याचे काम मुलांच्या हातून गेले आणि रॉकेट बांधणे, तोलणे, उडवणे तेवढे उरले.

याविरुद्ध पहिला आक्षेप ठरलेला आहे. लाखो लोक दरवर्षी उदबत्तीने रॉकेट पेटवतात आणि बहुतेकांना काही होत नाही, मग इतका खटाटोप कशाला? बहुतेकांना काही होत नाही हे खरे. पण पद्धतीची पारख सगळे सुरळीत असताना होत नाही. वात ओली निघाली, बाटली कलंडली, लहान मूल मध्ये धावले, अशा वेळी ती काय करू देते हे पाहावे. उदबत्तीची रीत पळण्यापलीकडे काहीच करू देत नाही. बटणावरचा माणूस उलट गणती तीनवर असताना मूल दिसले तर बटण न दाबता थांबू शकतो. 21 ऑक्टोबर 2023 ला गगनयानाच्या चाचणीचे उड्डाण इस्रोच्या संगणकाने अवघी पाच सेकंद उरली असताना रोखले. दोष सापडला, दुरुस्त झाला आणि त्याच सकाळी यान उडाले. तो थांबा नामुष्कीचा नव्हता. व्यवस्था चोख असल्याचा तो पुरावा होता.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: वीज आपणहून दगा देऊ शकते. हे मान्यच करायला हवे. एप्रिल 1964 मध्ये केप कॅनाव्हेरलला एका इमारतीत घन इंधनाची मोटर स्थिर विजेच्या ठिणगीने पेटली आणि तिघांचा जीव गेला. 22 ऑगस्ट 2003 ला ब्राझीलच्या अल्कांतारा तळावर उड्डाणाच्या तयारीतल्या रॉकेटची एक मोटर अवेळी पेटली आणि 21 माणसे गेली. या घटनांवरून वातीकडे परत जावे असे कुणी म्हटले नाही. त्यांवरून निघालेला धडा क्रमाचा आहे. इग्नायटर अगदी शेवटी बसवावा, शक्य तर पॅडवरच. क्लिपा लावण्याआधी त्या एकमेकींना टेकवून ठिणगी पडत नाही याची खात्री करावी. जोडणी करणारा सोडून बाकी सगळे आधीच मागे गेलेले असावेत. आणि आभाळात गडगडाट असेल तर इग्नायटरची डबी उघडूच नये.

आपल्याकडची खरी अडचण निराळी आहे. तयार इंजिने दुकानात सहज मिळत नाहीत, म्हणून उत्साही मुले फटाके फोडून दारू काढतात किंवा मोबाइलवर पाहून मिश्रण शिजवतात. इथे मात्र कोणतीही सवलत देता येत नाही. विनापरवाना स्फोटक बनवणे 1884 च्या स्फोटके कायद्याने गुन्हा आहे. त्याचा कारभार पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. कायदा बाजूला ठेवला तरी 15 फुटांचा नियम कारखान्यात मोजून ठासलेल्या कागदी नळीसाठी आहे. घरी भरलेल्या पाइपला किती फूट पुरतील हे कुणालाच सांगता येणार नाही, आणि दारू घोटणाऱ्या हाताला तर अंतरच नसते. कारखान्याचे इंजिनसुद्धा उन्हातल्या गाडीच्या डिकीत तापून पुन्हा थंड होत राहिले, तर आतली दारू नळीपासून सुटते, जळणारा पृष्ठभाग एकाएकी वाढतो आणि नळी फुटते.

जागेचाही विचार हवा. मिठागरे आणि खाजणे मोकळी दिसतात, पण हंगामात तिथे माणसे राबत असतात, आणि सुकलेल्या गवताला एक निखारा पुरतो. दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो. चढताना रॉकेट वाऱ्याकडे तोंड वळवते आणि पॅराशूट उघडल्यावर त्याच्याबरोबर पूर्वेला वाहत जाते. पूर्वेला पश्चिम रेल्वेचा मार्ग आहे आणि त्यावर 25,000 व्होल्टच्या तारा आहेत. तारेत अडकलेले रॉकेट सोडून द्यायचे, मग ते बांधायला कितीही दिवस लागलेले असोत. थंडीतली सकाळ, वारा पडलेला, जागेच्या मालकाची, पोलिसांची आणि हवाई वाहतूक यंत्रणेची परवानगी हातात: यातले एक जरी नसले तरी उड्डाण होऊ नये.

म्हणून वसई तालुक्यातल्या विज्ञान शिक्षकांना माझी विनंती आहे. दारूच्या इंजिनाची वाट पाहत बसू नका. दोन लिटरची बाटली, पाणी आणि सायकलचा पंप यांवर रॉकेट उत्तम उडते. त्याची खीळ लांब दोरीने ओढायची, दोरी धरणाऱ्याखेरीज कुणी ‘थांबा’शिवाय काही बोलायचे नाही, पाचपासून उलट मोजायचे, आणि कुणीही ‘थांबा’ म्हटले की थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. वर्षभर मुलांकडून एवढे करून घ्या. इंजिनाची चावी त्यानंतर, आणि परवानगीनिशीच, त्यांच्या हाती द्या.