स्नातकधर्म आणि चंद्रभागेचे स्नान

आषाढ शुद्ध दशमीस पालख्या पंढरीत प्रवेश करतात आणि लक्षावधी वैष्णवांची पावले प्रथम चंद्रभागेकडे वळतात. आधी स्नान, मग पुंडलिकाचे दर्शन आणि त्यानंतर महाद्वार, हा क्रम वारकऱ्याच्या हाडीमाशी मुरलेला आहे. या स्नानाचा महिमा आम्ही कीर्तनातून उदंड गाइला. आज त्याच स्नानाविषयी, पण थोडे निराळे, लिहावयाचे आहे.

विद्यापीठाची पदवी घेतलेल्यास आपण आजही ‘स्नातक’ म्हणतो. गुरुगृहीचे अध्ययन संपवून समावर्तनाचे स्नान केलेला, तो स्नातक. आश्वलायन गृह्यसूत्रात त्याचे नियम दिले आहेत. त्याने रात्री स्नान करू नये, विहिरीत उतरू नये, बाहुबळावर नदी तरून जाऊ नये, जीव संशयात पडेल असे काही करू नये. आणि लागलीच पुढे, स्नातक हे एक महान ‘भूत’ होय, असा त्याचा गौरव आहे. (भूत म्हणजे येथे प्राणी, सत्त्व, वाचकांनी दचकू नये.) अपरिचित जलाशयात स्नान करू नये, असे मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायातही सांगितले आहे. ज्या शास्त्राने तीर्थस्नान सांगितले, त्यानेच हा सावधपणाही सांगितला. आमच्या व्यासपीठांवरून पहिला भाग गाजला, दुसरा पोथीतच राहिला.

तो पोथीतला भाग आज महाविद्यालयीन मुलेमुली वाळवंटात उभी राहून सांगतात, याचे आम्हांस मोठे कौतुक वाटते. राष्ट्रीय सेवा योजना 1969 साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, 37 विद्यापीठांत सुरू झाली. या विद्यार्थ्यांच्या छातीवरील बिल्ल्यावर कोणार्कच्या सूर्यमंदिराचे रथचक्र असते; त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर. वर्षाकाठी 120 तास सेवा द्यावयाची असा नेम आहे. घाटावर ही मुले कामे वाटून घेतात. वैद्यकाची मुले प्रथमोपचार दाखवितात, अभियांत्रिकीची मुले दोर आणि खुणेच्या काठ्या रोवतात, मराठीची मुले भारूड रचतात. पाण्याची नस मात्र ती कोळी नावाड्यांकडून शिकतात, हे आम्हांस विशेष आवडले.

चंद्रभागेचा तळ सरळ नाही. वाळूच्या उपशाने पडलेले खोल खड्डे गढूळ पाण्याखाली दिसत नाहीत. गुडघाभर पाण्यातले पुढचे पाऊल पुरुषभर पाण्यात पडते. पंढरीत पावसाचा थेंब नसला तरी उजनीतून सोडलेले भीमेचे आणि वीर धरणातून सोडलेले नीरेचे पाणी येथवर येते, आणि काल कोरडे असलेले वाळवंट आज पाण्याखाली जाते. शेवाळलेल्या पायऱ्या आणि भिजून जड झालेले नऊवारी लुगडे, हे तर वृद्ध स्त्रियांचे वैरीच.

मुलांच्या फलकावर प्रथम लिहिले होते, ‘सुरक्षित अंतर राखा’. आम्ही म्हटले, बाळांनो, ही कचेरीची भाषा. माउली तुमच्याकडे बघणारसुद्धा नाही. मग त्यांनी लिहिले, ‘आजी, देव गुडघाभर पाण्यातही भेटतो’. लोक थांबून वाचू लागले!

काही भाविक म्हणतात, तीर्थात मरण आले तर सोने झाले. या बोलण्याचा आम्हांस मनापासून राग येतो. आईबापांची सेवा आटोपेपर्यंत देवाला विटेवर उभे करणाऱ्या पुंडलिकाचे हे गाव. येथे म्हाताऱ्या आईचा हात गर्दीत सोडून स्वतःची बुडी साधणाऱ्यास कसले पुण्य लाभणार? जिच्या घरचे माणूस नदीने नेले, त्या बाईसमोर बसून सोन्याची गोष्ट सांगून पाहावी.

कुणी बुडताना दिसला, तर पोहता न येणाऱ्याने उडी घेऊ नये. एकाचे दोन होतात. दोर, काठी, उपरणे फेकावे. पूर्वी भोपळ्याची सांगड असे. आज झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लास्टिकचा डबाही तरंगतो. बाहेर काढलेल्यास उलटे टांगणे, पोट दाबणे, हे जुने उपाय घातक आहेत. श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास द्यावा, छाती दाबावी आणि वैद्यकीय मदत येईपर्यंत थांबू नये. मुलांनी हे आमच्यासारख्या साठी उलटलेल्यांकडूनही बाहुल्यावर करवून घेतले.

आपल्या देशात 2022 या एका वर्षात 38 हजारांहून अधिक माणसे बुडून मेली, अशी सरकारी नोंद आहे. संयुक्त राष्ट्रांनी 2021 साली 25 जुलै हा बुडण्यापासून बचावाचा जागतिक दिवस ठरविला. अधिक ज्येष्ठामुळे 2026 ची आषाढी एकादशी लांबते आणि नेमकी 25 जुलैसच येते. त्या दिवसासाठी मुलांनी नवे भारूड लिहावयास घेतले असून चाल आमच्याकडे मागितली आहे. संबळवाला मात्र अजून मिळावयाचा आहे.