सत्त्याऐंशीपट लहान सह्याद्री

महाबळेश्वरला रेल्वे नाही. जवळचं स्टेशन पुणे–मिरज मार्गावरचं वाठार, रस्त्याने साठेक किलोमीटर दूर. १८९०च्या सुमारास सदर्न मराठा रेल्वेचा मीटरगेज रस्ता पुण्याहून मिरजेकडे गेला आणि थंड हवेसाठी येणारी मंडळी वाठारला उतरू लागली. तिथून टांग्याने वाई, मग पसरणीचा घाट, पाचगणी आणि शेवटी महाबळेश्वर. पुढे मोटारी आल्या आणि वाठारचं नाव प्रवाशांच्या बोलण्यातून गेलं. वाठारचं ते मीटरगेज स्टेशन, घोड्यांची पागा, फलाटावर उतरवलेल्या ट्रंका आणि होल्डॉल आज पाहायचे असतील तर एकच मार्ग उरतो. ते कुणीतरी हाताने, मापात, टेबलावर पुन्हा उभं करायला हवं. हा छंद जगभर आहे, महाराष्ट्रातही त्याची भक्कम परंपरा आहे आणि तिचं ठिकाण महाबळेश्वरच्या वाटेवरच, पुण्यात आहे.

कोथरूडला, कर्वे रस्त्याजवळ जी. ए. कुलकर्णी पथावर जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. भाऊ जोशी यांना लहानपणापासून आगगाड्यांचं वेड होतं. पेशाने ते उपकरणं बनवणाऱ्या व्यवसायातले, त्यामुळे वेडाला हातातल्या कौशल्याची जोड होती. १९८०च्या दशकात त्यांनी हलवता येईल असा रेल्वेचा देखावा तयार करून त्याची प्रदर्शनं भरवली. पण हे काम फार नाजूक. दर वेळी उचलायचं, वाहून न्यायचं, पुन्हा मांडायचं, यात सांधे निखळतात, रूळ वाकतात, तारा तुटतात. म्हणून कायमच्या जागेचा विचार झाला आणि १ एप्रिल १९९८ला संग्रहालय लोकांसाठी उघडलं. भाऊ आता नाहीत. त्यांच्या कुटुंबाने ते चालू ठेवलं आहे.

आत गेल्यावर एक अख्खं छोटं शहर समोर येतं. वाफेचं इंजिन, वेगवान प्रवासी गाडी, मालगाडी, डोंगरावर दोराने ओढली जाणारी गाडी, रुळाला खाली लटकून धावणारी गाडी. शिवाय सर्कस, पोहण्याचा तलाव, उड्डाणपूल, सिग्नल, दिव्यांचे खांब. नियंत्रणाच्या टेबलावरून एक माणूस हे सगळं चालवतो आणि चालवता चालवता समजावून सांगतो. मग खोलीतले दिवे मंदावतात आणि शहराचे दिवे लागतात. मुलं त्या क्षणी पुढे सरकतात, पण मी आईवडिलांचे चेहरे जास्त पाहतो, कारण काचेवर नाक टेकवायची इच्छा तिथेही असते. या संग्रहालयाचं सर्वांत मोठं काम मला हे वाटतं, की त्याने घराच्या माळ्यावरचा छंद चारचौघांत आणला. सिग्नल लाल असेल तर गाडी का थांबते, सांधा बदलल्यावर ती दुसऱ्या मार्गावर कशी जाते, हे इथे पोराला पाच मिनिटांत डोळ्यांनी कळतं.

या छंदात सर्वांत चालणारं प्रमाण १:८७ आहे, त्याला एचओ म्हणतात. खऱ्या वस्तूचे सत्त्याऐंशी भाग करायचे आणि एक भाग बनवायचा. साडेपाच फुटांचा माणूस दोन सेंटीमीटरहून किंचित कमी होतो. याहून लहान एन प्रमाण १:१६० आणि झेड १:२२०. खेळण्यातल्या रुळांच्या ठरावीक मापांची सुरुवात जर्मनीच्या मर्क्लिन कंपनीने १८९१मध्ये केली. आज हॅम्बुर्गचं ‘मिनिआटूर वुंडरलांड’, दोन जुळ्या भावांनी २००१मध्ये उघडलेलं, याच १:८७ प्रमाणात आहे आणि तिथे जगभरातून लोक जातात.

आता खरी गंमत गणितात आहे, आणि आपल्याकडे हा छंद अवघड का, तेही त्याच गणितात आहे. एचओचे रूळ एकमेकांपासून १६.५ मिलिमीटरवर असतात. सत्त्याऐंशीने गुणलं तर १,४३५ मिलिमीटर, म्हणजे युरोप-अमेरिकेचा प्रमाणित गेज. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा. त्याचे सत्त्याऐंशी भाग केले तर १९.३ मिलिमीटर होतात. बाजारातल्या रुळावर आपला डबा उभा केला की चाकं आत गेलेली दिसतात आणि डोळ्याला खटकतं. डब्याची लांबीही अशीच अडचण करते. आयसीएफ कारखान्याच्या प्रवासी डब्याचं अंग २१.३४ मीटर, प्रतिकृतीत २४५ मिलिमीटर. बफर धरून असे चोवीस डबे जोडले तर गाडी सहा मीटरच्या वर जाते; तेवढा सलग दिवाणखाना कुणाकडे आहे? वळणाचं विचारूच नका. ब्रॉडगेजवर दहा अंशांच्या कडक वळणाची त्रिज्या १७५ मीटर असते, ती १:८७मध्ये दोन मीटर. घरातले लोक मात्र अर्ध्या मीटरच्या आत वळण बसवतात आणि लांब डबे कोपऱ्यात बाहेर लोंबकळतात.

पण मीटरगेजचं माप घ्या. १,००० मिलिमीटरचे सत्त्याऐंशी भाग ११.५, आणि १२ मिलिमीटरचे रूळ बाजारात तयार मिळतात. मिरज–लातूर मार्गाचा, म्हणजे बार्शी लाइट रेल्वेचा, जुना नॅरोगेज ७६२ मिलिमीटरचा. भागिले सत्त्याऐंशी, ८.८. एनचे तयार रूळ ९ मिलिमीटरचे! म्हणजे आपल्या भागात जे जुनं होतं, वाठारची मीटरगेज आणि बार्शी लाइट रेल्वे, ते ब्रॉडगेजहून जास्त प्रामाणिकपणे बनवता येतं. इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉपची बार्शी लाइट १८९७मध्ये सुरू झाली आणि १९२७मध्ये मिरजेला पोचली. त्याने प्रत्येक चाकजोडीवर जास्तीत जास्त पाच टन भार ठेवला, त्यामुळे हलके रूळ वापरूनही मोठे वॅगन चालवता आले. आणि मिरज! १९७०च्या सुमारास पुणे–मिरज मार्ग ब्रॉडगेज झाला, बेळगावकडची मीटरगेज तेव्हा चालूच होती आणि नॅरोगेजही. पुढची वीसेक वर्षं मिरज जंक्शनमध्ये तिन्ही गेज नांदत होते. १९.३, १२ आणि ९ मिलिमीटरचे रूळ शेजारी शेजारी मांडले, तर एका टेबलावर भारतीय रेल्वेचा निम्मा इतिहास उभा राहतो. प्रतिकृती करणाऱ्याला एवढा समृद्ध विषय देशात दुसरा क्वचितच मिळेल.

माथेरानचं गणित याहून गोड आहे. १९०७मध्ये सुरू झालेल्या नेरळ–माथेरान गाडीचा गेज ६१० मिलिमीटर आणि सर्वांत कडक वळणाची त्रिज्या ६० फूट. १:८७मध्ये ती २१ सेंटीमीटर होते. खऱ्या मापाचं वळण जेवणाच्या टेबलावर सहज मावतं, काही कापाकापी न करता.

वॅगन कसा बनतो, ते थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण लोकांना वाटतं की हे विकत आणून रुळावर ठेवायचं काम आहे. आधी फोटो आणि मापं. मालधक्क्यावरच्या वॅगनची लांबी, दाराची रुंदी, फळ्या किती, रिव्हेटच्या रांगा किती, हे वहीत उतरवायचं. मग प्रत्येक आकड्याला सत्त्याऐंशीने भागायचं. अर्ध्या मिलिमीटरचा स्टायरीन प्लास्टिकचा पत्रा घेऊन धारदार पात्याने बाजू कापायच्या. पातं एका दाबात आरपार न्यायचं नाही. तीन-चार हलके ओरखडे काढले की पत्रा स्वच्छ तुटतो. फळ्यांच्या रेघा बोथट टोकाने कोरायच्या. पातळ फॉइलच्या मागून सुई दाबली की पुढे रिव्हेट उमटतात. सरळ रांगेसाठी पट्टी आणि धीर, दोन्ही हवेत. दांडे पितळी तारेचे. मग वजन. अमेरिकेच्या मॉडेल रेल्वे संघटनेच्या शिफारशीनुसार एचओ वॅगनचं वजन एक औंस अधिक लांबीच्या प्रत्येक इंचामागे अर्धा औंस असावं. सहा इंचाच्या वॅगनला चार औंस, म्हणजे ११३ ग्रॅम. हलका वॅगन सांध्यावर उडतो; आत शिशाचा किंवा लोखंडाचा तुकडा चिकटवला की तो नीट बसून चालतो.

रंग देऊन काम संपलं असं समजणारा इथेच फसतो. कारखान्यातून आलेला चकचकीत वॅगन रेल्वेवर आठवडाभरही तसा राहत नाही. छताच्या कडेपासून पाण्याचे उभे ओघळ, चाकांजवळ ब्रेकची तपकिरी धूळ, दाराच्या कडीखाली गंज, खडूने घाईत लिहिलेल्या खुणा. आणि सांगलीच्या धक्क्यावर उभा असेल तर दाराच्या चौकटीत हळदीचा पिवळा फराटा. ओळखीचा कुणी हळदीचा व्यापारी असेल तर तो फराटा पाहून लगेच सांगेल, हा वॅगन सांगलीचा. खडूची भुकटी कोरड्या कुंचल्याने घासून वरून मॅट वार्निशचा हलका फवारा मारतात. आणखी एक नियम अनुभवी लोक पाळतात: प्रतिकृतीचा रंग खऱ्यापेक्षा थोडा फिका ठेवायचा. आपण तिच्याकडे दोन फुटांवरून पाहतो, म्हणजे प्रमाणात पन्नास मीटरवरून, आणि एवढ्या अंतरावर हवेमुळे रंग उतरलेला दिसतो. वेगाचंही तसंच. ताशी ६० किलोमीटरची गाडी १:८७मध्ये सेकंदाला १९ सेंटीमीटर जाते. बहुतेक घरांत ती तिप्पट पळते आणि सारा खरेपणा तिथेच संपतो.

देखाव्याच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे. तयार घरं, झाडं, गवत प्रामुख्याने जर्मनीतून येतात, म्हणून पुण्या-मुंबईतल्या टेबलांवरही आल्प्सची उतरती छपरं दिसतात. पहिल्या पिढीला दुसरा पर्याय नव्हता. जे मिळत होतं त्यातून भाऊ जोशींनी शहर उभं केलं, हे थोर काम आहे. आता पुढच्यांनी सह्याद्रीकडे वळावं. खाली पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेला काळा बेसाल्ट आणि माथ्यावर जांभ्याची तांबडी टोपी, ही रचना महाबळेश्वरच्या कुठल्याही कड्यावरून दिसते. थर्माकोल किंवा फोमचे आडवे थर कापून रचले की बेसाल्टच्या पायऱ्या आपोआप तयार होतात. वर प्लास्टरचा पातळ लेप. माती रस्त्याकडेचीच चाळून घ्यावी, पण जांभ्यात लोह भरपूर असतं, म्हणून आधी तिच्यावरून लोहचुंबक फिरवावा, नाहीतर कण इंजिनाच्या मोटारीला जाऊन चिकटतात. पाणी मिसळलेल्या फेव्हिकॉलमध्ये साबणाचा एक थेंब टाकून ड्रॉपरने सोडलं की माती आणि रुळाखालची खडी घट्ट बसते. झाडांसाठी वाळलेल्या रानझुडपांचे तुरे पुरतात. जांभळ, हिरडा, अंजन यांची गोल, दाट, वाऱ्याने एका बाजूला दाबलेली माथी त्यातून छान जमतात. सूचिपर्णी झाडं तेवढी टाळावीत. बंगल्यांना जांभ्याच्या भिंती, मंगळुरी कौलं आणि पावसाळ्यासाठी बांधलेले गवताचे झाप.

डोंगराची उंची मात्र कुणालाच झेपत नाही. समुद्रसपाटीपासून १,३७२ मीटरवरचं महाबळेश्वर १:८७मध्ये पंधरा मीटरच्या वर जातं, पाच मजली इमारतीएवढं. तीन फुटांचा मोठा वाटणारा डोंगर प्रत्यक्षात ऐंशी मीटरची टेकडी असते. म्हणून पुढे याच रेल्वेमार्गावरच्या सालपे–आदर्कीच्या घाटासारखी बुटकी टेकडी घडवावी आणि सह्याद्रीची रांग मागच्या पाटीवर रंगवावी, निळसर आणि पुसट.

महाबळेश्वरात हा छंद करायचा तर पावसाचा आधी विचार हवा. जून ते सप्टेंबर इथली हवा ओलीच असते. प्लायवूड फुगतं, सांधे सरकतात, लोखंडी रूळ गंजतात. निकेल-सिल्व्हरचे रूळ घ्यावेत, तुकड्यांमध्ये किंचित फट ठेवावी, लाकूड सर्व बाजूंनी रंगवून बंद करावं आणि फोमचा पाया वापरावा. पण त्याच चार महिन्यांत पर्यटक कमी असतात, बाहेर पडवत नाही. टेबलावर वाकून दोन सेंटीमीटरची माणसं रंगवायला याहून चांगला मोसम कुठला?

पुणे–मिरज मार्गाचा चेहरा आता झपाट्याने बदलतो आहे. विजेच्या तारा आल्या, दुहेरीकरणाचं काम निघालं. जुन्या दगडी इमारती, पाण्याच्या टाक्या, मालधक्के, हाताने ओढायचे सिग्नल एकेक करून जात आहेत. ज्यांच्या घरी मीटरगेजच्या काळातले वाठार, लोणंद, कऱ्हाड, किर्लोस्करवाडी किंवा मिरजेचे फोटो असतील, त्यांनी ते जपावेत, त्यांच्या मागे जागा आणि साल लिहावं आणि प्रतिकृती करणाऱ्यांना पाहू द्यावेत. आणि ज्या तरुण हातांना हे काम करून पाहावंसं वाटतं त्यांनी आधी कोथरूडचं संग्रहालय पाहावं, मग मोजपट्टी आणि वही घेऊन वाठारला जावं. तिथे जे अजून उभं आहे, त्याची मापं आताच घ्यावीत.